परसांतील गांजा व खाचरांतील ताग

परसांत दोनचार बियांपासून गांजा लावून पाहावा काय, अशी पृच्छा मावळांतील कांहीं नवशिक्या बंधूंकडून आम्हांकडे होते. इंग्रजी अमदानींत नगर जिल्ह्यांत हें पीक सरकारी परवान्यानें होत असे. त्या ऐकीव गोष्टींवर आज विसंबूं नये. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या 20 व्या कलमान्वयें बिनपरवाना लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. रोप एक कीं शंभर, हा भेद लागवडीस नाहीं. नुसतें बीं गांजाच्या व्याख्येंत येत नाहीं हें खरें. तें रुजवून रोप वाढविणें मात्र गुन्हाच होय.

जमीनधारकांनीं 46 वें कलम विशेष ध्यानांत धरावें. वाट्यानें दिलेल्या रानांत मक्याच्या आड कोणी रोपें लावलीं व मालकानें जाणूनबुजून कळविलें नाहीं, तर मालकही शिक्षेस पात्र होतो. जमीन लोणावळ्याकडे आणि राहणें पुण्यास, अशांनीं रान स्वतः फिरून पाहावें. आढळल्यास पोलिसांस तत्काळ कळवावें.

पेरण्याची हौसच असेल तर ताग पेरावा. एकरीं सुमारें 20 किलो बीं मेअखेर पाणी देऊन फोकावें, आणि सहासात आठवड्यांनीं, फुलावर येतांच, चिखलणींत गाडावें. त्याच्या मुळांवरील गांठी हवेंतील नत्र धरितात. इंद्रायणी भाताच्या खाचरास हें खत चांगलें मानवतें.