मलम थांबवलं की गजकर्ण पुन्हा का पसरतं?

प्रश्न : जांघेत गजकर्ण झालंय. मेडिकलमधून आणलेलं मलम लावलं की खाज जाते, थांबवलं की दुप्पट पसरतं. काय करू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन दिसलं, तर कोडं तिथेच सुटलं. ही स्टेरॉइड्स आहेत. गजकर्णाची बुरशी त्वचेच्या सगळ्यात वरच्या, मृत थरातल्या केराटिनवर जगते. खाज आणि लाली म्हणजे शरीराने तिला केलेला विरोध. स्टेरॉइड तो विरोधच दाबून टाकतं. तुम्हाला बरं वाटतं, बुरशीला मोकळं रान मिळतं. शिवाय जांघेतली त्वचा मुळात पातळ. तिथे हे महिनोन्महिने लावलं की ताणल्यासारखे चट्टे उमटतात आणि ते पुरते जात नाहीत.

त्वचारोगतज्ज्ञांकडे ट्यूबसकट जा. औषध काही आठवडे चालेल, डाग दिसेनासा झाला तरी. घरात आणखी कुणाला असेल तर उपचार सगळ्यांचे एकदम. टॉवेल वेगळा ठेवा. आणि तुमच्याकडच्या पावसात कपडे वाळतात कुठे! निदान अंतर्वस्त्रांवर इस्त्री फिरवा, जीन्स सध्या कपाटातच राहू दे. स्टेरॉइड सोडल्यावर सुरुवातीला खाज वाढेल. तेवढ्यासाठी पुन्हा तीच ट्यूब उचलू नका.