जुनी मोटारसायकल ठेवावी की बदलावी?

शेतकऱ्याच्या घरी आज मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. पहाटे दुधाच्या किटल्या संकलन केंद्रावर नेणे, भाजीपाल्याच्या जुड्या बाजारात पोहोचविणे, मोटारीचे जळालेले कॉइल दुरुस्तीस नेणे, औषधाच्या बाटल्या व खताची गोणी आणणे ही सारी कामे तिच्यावरच होतात. असे वाहन दहा-बारा वर्षांचे झाले, की ते ठेवावे की बदलावे, हा प्रश्न घरात उपस्थित होतो. कित्येक वेळा त्याचा निर्णय शेजाऱ्याच्या नव्या गाडीकडे पाहून अथवा विक्रेत्याच्या जाहिरातीवरून घेतला जातो. बैल बदलताना मात्र आपण असे कधी करीत नाही. त्याचे दात, खूर, खांदा व चाल पाहून, वैरणीचा व कामाचा ताळा मांडूनच आपण बाजाराची वाट धरतो. तीच सावधगिरी येथेही हितावह आहे.

प्रथम परीक्षा, मग विचार

वाहनाचे वय हा एकच निकष धरू नये. निगा राखलेली बारा वर्षांची गाडी हयगय झालेल्या सहा वर्षांच्या गाडीपेक्षा अधिक उपयोगी असू शकते. यास्तव एखाद्या विश्वासू मेकॅनिककडून, जो आपणास नवी गाडी विकणार नाही अशाकडून, तिची तपासणी करून घ्यावी.

दोषांचे दोन वर्ग करावेत. टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू, क्लच प्लेट, बॅटरी, केबल हे भाग झिजण्यासाठीच असतात. ते बदलल्याने गाडी पूर्ववत होते. त्यांचा खर्च आला म्हणून गाडी निकामी झाली, असे समजणे चूक आहे. दुसऱ्या वर्गात इंजिनाचे व सांगाड्याचे दोष येतात. सायलेन्सरमधून सतत निळसर धूर निघणे, हे इंजिनातील ऑइल जळत असल्याचे लक्षण होय. तेथे पिस्टन, रिंग व बोअर यांचे काम निघते. हे काम खर्चाचे असले तरी होण्यासारखे आहे. परंतु सांगाड्यास तडा गेला असेल, अपघातात तो वाकला असेल किंवा पाण्या-चिखलाने गंजून पोकळ झाला असेल, तर अशा गाडीवर ओझे लादणे जिवावर बेतू शकते. तेथे पुढील हिशेब न मांडताच ती बाजूस काढावी.

सुटे भाग मिळतात काय, हेही पाहावे. ज्या गाड्या गावोगाव लाखोंनी धावतात त्यांचे भाग तालुक्याच्या गावी सहज मिळतात व त्यांचे काम जाणणारे कारागीरही असतात. १९९४ साली बाजारात आलेली स्प्लेंडर हे याचे ठळक उदाहरण होय. याउलट एके काळी दूधवाल्यांची आवडती असलेली राजदूत आज चांगल्या स्थितीत असली, तरी तिचा एखादा भाग शोधण्यात चार दिवस मोडतात.

पेट्रोलाची मोजणी

'पूर्वीसारखी ॲव्हरेज देत नाही' ही तक्रार सर्वत्र ऐकू येते, पण मोजून पाहणारे थोडे. रीत सोपी आहे. टाकी काठोकाठ भरून मीटरवरील आकडा टिपावा. सुमारे ३०० किलोमीटर नेहमीप्रमाणे गाडी वापरावी आणि त्याच पंपावर टाकी पुन्हा काठोकाठ भरावी. दोन आकड्यांतील अंतरास दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरांनी भागावे. मीटर बंद असेल तर रस्त्यावरील किलोमीटरच्या दगडांवरून अंतर धरावे.

ही मोजणी दोनदा करावी: एकदा गाडी आहे त्या स्थितीत आणि एकदा प्लग, हवेची गाळणी, चेनचा ताण, टायरमधील हवा व कार्ब्युरेटर नीट करून घेतल्यानंतर. पुष्कळदा नव्या गाडीकडून अपेक्षिलेल्या बचतीचा मोठा भाग एवढ्यानेच हाती येतो.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आपल्याच उसापासूनही तयार होणारे इथेनॉल आता पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. इथेनॉलमध्ये पेट्रोलापेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी उष्णता असते. त्यामुळे एका लिटरातील अंतर काही टक्क्यांनी घटणे स्वाभाविक आहे, व तो दोष गाडीच्या म्हातारपणाचा नव्हे. मात्र इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व वायसर यांना ते मानवतेच असे नाही. म्हणून जुन्या गाडीच्या इंधनाच्या नळ्या वेळोवेळी तपासाव्यात व टाकीत पेट्रोल महिनोन् महिने साठवून ठेवू नये.

वर्षाचा हिशेब

आता एक नमुना मांडू. यातील आकडे केवळ उदाहरणादाखल असून प्रत्येकाने ते आपल्या अनुभवाप्रमाणे बदलून घ्यावेत.

समजा, गाडी वर्षाकाठी ९,००० किलोमीटर धावते व पेट्रोलाचा दर लिटरला १०५ रुपये आहे. जुनी गाडी लिटरला ४५ किलोमीटर जाते. तिला २०० लिटर, म्हणजे २१,००० रुपयांचे पेट्रोल लागेल. नवी ६० किलोमीटर जात असल्यास १५० लिटर, म्हणजे १५,७५० रुपये लागतील. बचत ५,२५० रुपये. जुनीच्या दुरुस्तीस वर्षाला ६,००० व नवीच्या देखभालीस २,५०० रुपये धरल्यास आणखी ३,५०० रुपये वाचतात. एकूण बचत ८,७५० रुपये झाली.

आता दुसरी बाजू पाहू. नवी गाडी ९०,००० रुपयांस पडली व ८ वर्षांनी तिचे १८,००० रुपये आले, तर तिची घट वर्षाला ९,००० रुपये होते. जुनीचे १५,००० रुपये वजा जाता उरलेल्या ७५,००० रुपयांचे कर्ज दरसाल ११ टक्क्यांनी ३ वर्षांत फेडले, तर व्याज सुमारे १३,४०० रुपये, म्हणजे ८ वर्षांत विभागून वर्षाला सुमारे १,७०० रुपये पडते. विम्याचा वाढीव खर्च १,००० रुपये धरू. बेरीज ११,७०० रुपये. जुनी गाडी ठेवली तरी तिची किंमतही वर्षाला सुमारे २,००० रुपयांनी घटेल. ती रक्कम वजा करता नव्या गाडीचा अधिक भार ९,७०० रुपये उरतो. म्हणजे बचतीपेक्षा भार ९५० रुपयांनी जास्त आहे.

हीच जुनी गाडी नीट करून घेतल्यावर लिटरला ५२ किलोमीटर जाऊ लागली, तर नवीने वाचणारे पेट्रोल अवघ्या २,४०० रुपयांचे राहते. मग जुनी ठेवणे वर्षाला सुमारे ३,८०० रुपयांनी स्वस्त ठरते. इंजिनाच्या कामास ८,००० रुपये लागले व ते काम ४ वर्षे टिकले, तरी हे पारडे जुनीकडेच झुकते.

उलट, दूध अथवा भाजीसाठी रोज लांब जाणाऱ्याची गाडी वर्षाला १५,००० किलोमीटर धावत असेल, तर पेट्रोलातील बचतच ८,७५० रुपये होते. दुरुस्तीतील फरक ५,५०० रुपये धरला, तर एकूण १४,२५० रुपये वाचतात. इतक्या वापराने नव्या गाडीचे आयुष्य ६ वर्षेच धरले, तरी तिचा अधिक भार सुमारे १३,२०० रुपये येतो. येथे बदलणे योग्य ठरते. सारांश, थोडे धावणाऱ्याने जुनी सांभाळावी व फार धावणाऱ्याने नवीचा विचार करावा.

खोळंब्याची किंमत

वरील वहीत एक रकाना अजून भरावयाचा आहे. पहाटे गाडी सुरू झाली नाही व १० लिटर दूध परत आले, तर लिटरला ३५ रुपयांप्रमाणे ३५० रुपये बुडाले. वर्षातून अशा तीन सकाळी आल्या, की १,०५० रुपये गेले, आणि वरच्या पहिल्या हिशेबातील ९५० रुपयांचा फरक तेथेच संपला. म्हणून गाडी किती वेळा व कोणत्या कामाच्या वेळी अडली, याची नोंद सहा महिने अवश्य ठेवावी.

सुरक्षिततेचेही असेच आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाकींना, इंजिनाच्या क्षमतेनुसार, दोन्ही चाके एकत्र रोखणारी अथवा चाक न अडकू देणारी ब्रेकव्यवस्था सक्तीची करण्यात आली. जुन्या गाडीत ती नसते. रात्री-अपरात्री, ओल्या रस्त्याने, मुलांना मागे बसवून जाणे नेहमीचे असेल, तर या गोष्टीस पैशांहून अधिक वजन द्यावे.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये दुचाकीची नोंदणी १५ वर्षांपर्यंत वैध असते. त्यानंतर वाहनाची तपासणी करून ती ५ वर्षांसाठी नूतनित करता येते. म्हणजे १५ वर्षे झाली की गाडी भंगारात घालावी लागते, हा समज बरोबर नाही. तथापि नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून वाढले आहे व महाराष्ट्रात अशा वाहनांवर पर्यावरण करही आकारला जातो. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टीही बसवून घ्यावी लागते. हे सर्व खर्च प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारून हिशेबात धरावेत.

विम्याविषयी तर अणुमात्र हयगय करू नये. 'गाडी जुनी झाली, आता विमा कशाला?' असे म्हणणारे पुष्कळ आढळतात. परंतु तृतीय पक्षाचा विमा गाडीच्या किमतीसाठी नसून आपल्या हातून दुसऱ्यास झालेल्या इजेच्या भरपाईसाठी असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत ७५ ते १५० घनसेंटिमीटरच्या दुचाकीस त्याचा वार्षिक हप्ता, कर सोडून, ७१४ रुपये होता. विमा नसता न्यायाधिकरणाने ठरविलेली भरपाई मालकास भरावी लागते व ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. या शब्दांचा अर्थ शेतकऱ्यास निराळा सांगावयास नको.

बदलण्याचे ठरल्यास

विक्रेत्यास दोन भाव स्वतंत्रपणे विचारावेत: जुनी गाडी न देता नवीचा रोख भाव आणि जुनी देऊन भरावयाची रक्कम. या दोहोंतील अंतर हीच जुनीची खरी किंमत होय. पाटीवर लिहिलेला 'एक्स्चेंज बोनस' नव्हे. तीच गाडी गावात काय भावाने जाईल, हेही विचारून पाहावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्के झाला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरतो, हे विसरू नये.

गाडी देताना नमुना २९ व ३० भरून नावाचा बदल नोंदला गेल्याची खात्री करावी. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळविणे आवश्यक आहे. नुसता कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊन गाडी हवाली करू नये. नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक होय व अपघाताची जबाबदारी त्याजवर राहते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला आहे. जुन्या गाडीवर कर्जाचा बोजा असल्यास तोही प्रथम उतरवून घ्यावा.

पैसा कोठून आणावा, हा अखेरचा प्रश्न. पीक कर्ज बियाणे, खत व मजुरीसाठी असते. ते गाडीत घातले तर पेरणीच्या वेळी हात रिकामा राहतो, आणि मुदतीत फेड न झाल्यास व्याजातील सवलतही जाते. हप्ता ज्या उत्पन्नातून भरावयाचा ते उत्पन्न गाडीमुळेच येणार आहे काय, हे पाहावे. दुधाच्या दर दहा दिवसांच्या बिलातून हप्ता सुटत असेल तर हरकत नाही. पुढल्या सुगीच्या भरवशावर मात्र तो बांधून घेऊ नये.

अभ्यासासाठी

१. आपल्या गाडीची पेट्रोलाची मोजणी दुरुस्तीपूर्वी व दुरुस्तीनंतर करून दोन्ही आकडे वहीत लिहा.
२. गेल्या वर्षीच्या दुरुस्तीच्या खर्चाचे 'झिजणारे भाग' व 'इंजिन आणि सांगाडा' असे दोन रकाने पाडा. कोणता रकाना वाढत आहे?
३. वरील नमुन्यात आपले आकडे घालून वार्षिक हिशेब मांडा व तो घरातील सर्वांसमोर वाचून मगच निर्णय घ्या.