बुटांतून पायांकडे : घाई न करता



गेल्या काही पालक-सभांमध्ये एक प्रश्न वारंवार येत आहे. बाजारात 'बेअरफूट शूज' नावाचे पातळ तळाचे बूट मिळू लागले आहेत. ते मुलांना घ्यावेत का? आणि सकाळी फिरायला जाताना मोठ्यांनी वापरले तर चालतील का? कोणी सांगतो की यांनी गुडघेदुखी पळून जाते, तर कोणी सांगतो की पाय कायमचा बिघडतो. दोन्ही सांगणाऱ्यांनी थोडे थांबायला हवे. म्हणून ह्या अंकात आपण या विषयाचा पद्धतशीर अभ्यास करूया.

आधी पायाची ओळख

आपल्या इंदूरच्या बऱ्याच मुलांना पंजा, एड़ी, पिंडली हे हिंदी शब्द चटकन सुचतात. मराठीत त्यांना अनुक्रमे चवडा, टाच आणि पोटरी म्हणतात. टाचेच्या मागून पोटरीकडे जाणारी जाड शीर म्हणजे धोंडशीर. तळपायाच्या आतल्या बाजूला जो उंचवटा असतो, ती तळपायाची कमान.

एका पायात २६ हाडे असतात. दोन्ही पायांची मिळून ५२ झाली. प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण २०६ हाडे असतात, म्हणजे चौथा हिस्सा फक्त पायांत आहे! निसर्गाने इतके तुकडे उगीच केले नाहीत. पाय टेकताना तो थोडा पसरतो, कमान किंचित दबते आणि उचलताना पुन्हा ताठ होते. शिवाय तळव्याच्या त्वचेला स्पर्शाची जाण फार सूक्ष्म असते. जमीन ओली आहे, उतरती आहे की खडबडीत, हे तळवा मेंदूला सांगतो आणि त्याप्रमाणे आपण तोल सांभाळतो.

नेहमीचे बूट काय करतात?

बूट वाईट आहेत असे मुळीच नाही. काच, खिळे, तापलेली सडक आणि अनवाणी पायांतून शरीरात शिरणारे अंकुशकृमी, या सर्वांपासून ते आपले रक्षण करतात. मे महिन्यात माळव्यातल्या डांबरी रस्त्यावर अनवाणी चालायचा सल्ला कोणी शहाणा माणूस देणार नाही.

परंतु नेहमीच्या बुटांत तीन गोष्टी असतात. पहिली, टाच चवड्यापेक्षा उंच असते. धावण्याच्या बऱ्याच बुटांत हा फरक ८ ते १२ मिलिमीटर असतो. दुसरी, पुढचा भाग निमुळता असतो, त्यामुळे बोटे एकमेकांवर दाबली जातात. तिसरी, तळ जाड व ताठ असतो, त्यामुळे पायाच्या लहान स्नायूंना कामच उरत नाही. हाताला महिनाभर प्लास्टर घातल्यावर तो बारीक होतो, हे आपण पाहिले आहे. वापर थांबला की स्नायू दुबळा होतो.

बेअरफूट शूज या तिन्ही गोष्टी काढून टाकतात. टाच आणि चवडा एकाच पातळीवर, पुढे बोटे पसरतील इतकी रुंदी, आणि हाताने सहज दुमडेल असा पातळ तळ. थोडक्यात, पायाला संरक्षण द्यायचे, पण त्याचे काम हिरावून घ्यायचे नाही.

अभ्यासक काय सांगतात?

एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या देशातलाच आहे. उदय राव आणि बेंजामिन जोसेफ या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षे वयाच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले व १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी वाढलेल्या मुलांत २.८ टक्के आढळले. चपला-सँडलपेक्षा बंद बूट वापरणाऱ्यांत हे प्रमाण अधिक होते. येथे एक सावधानता बाळगावी. लहान मुलांचा तळवा बहुधा सपाटच असतो, कमान वयाच्या पहिल्या दहा वर्षांत हळूहळू तयार होते, आणि दुखत नसेल तर सपाट तळवा हा आजार नव्हे.

दुसरा अभ्यास इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठाचा, २०२१ सालचा. मोठ्या माणसांनी सहा महिने रोजच्या वापरात पातळ तळाचे बूट घातले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी सुमारे ५७ टक्क्यांनी वाढली. त्यांनी वेगळा व्यायाम केला नव्हता. रोजचे चालणे-फिरणे हाच व्यायाम झाला.

आता नाण्याची दुसरी बाजू. २०१३ मध्ये अमेरिकेत ३६ सवयीच्या धावपटूंचा १० आठवडे अभ्यास झाला. त्यांतील निम्म्या जणांना हळूहळू पाच बोटांच्या पातळ बुटांकडे वळवले. शेवटी एमआरआय काढला तेव्हा या गटातील निम्म्याहून अधिक जणांच्या पायाच्या हाडांत आतून सूज वाढलेली दिसली. हाडावर झेपेल त्यापेक्षा जास्त भार पडत असल्याची ती खूण असते. पुढे २०१४ मध्ये असे बूट बनविणाऱ्या एका कंपनीने, आरोग्याचे दावे सिद्ध न झाल्याच्या खटल्यात, ३७.५ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

हे दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. चालणाऱ्यांना फायदा झाला आणि दहाच आठवड्यांत धावण्यापर्यंत गेलेल्यांना त्रास झाला. फरक आहे तो भाराचा आणि वेळेचा.

वेळ का लागतो?

हा या पाठाचा गाभा आहे, म्हणून लक्षपूर्वक वाचावे.

टाच उंच असलेले बूट वर्षानुवर्षे घातले की पोटरीचे स्नायू आखूड राहण्याची सवय लागते. एकाएकी सपाट बूट घातले तर टाच खाली येते आणि पोटरी व धोंडशीर दोन्ही ताणल्या जातात. त्यातच पातळ बुटांत धावताना बरेच लोक टाचेऐवजी चवड्यावर उतरतात, त्यामुळे पोटरीचे काम आणखी वाढते. म्हणून पहिली तक्रार पोटरीची असते.

स्नायू तुलनेने लवकर शिकतात. त्यांना रक्तपुरवठा चांगला असतो, काही आठवड्यांत ते मजबूत होऊ लागतात. धोंडशिरेला रक्त कमी मिळते, तिला काही महिने लागतात. हाडांची तर रीतच निराळी. वाढीव भार पडला की हाड आधी जुना भाग काढून टाकते आणि मग नवा, अधिक मजबूत भाग भरते. काढण्याचे काम काही आठवड्यांत होते, भरण्याला मात्र काही महिने लागतात. घराची भिंत नव्याने बांधताना आधी जुनी पाडावी लागते, तसेच हे. मधल्या काळात ती जागा पूर्वीपेक्षा कमजोर असते.

फसगत इथेच होते. तीन-चार आठवड्यांनी पोटरी दुखायची थांबते, माणसाला वाटते 'झाली सवय', आणि तो धावायला लागतो. नेमक्या त्याच वेळी चवड्याची लांब हाडे अर्धवट बांधलेल्या भिंतीसारखी असतात. त्यांना बारीक चीर पडली तर अनेक आठवडे सक्तीची विश्रांती घ्यावी लागते.

हळूहळू बदल : पायऱ्या

मोठ्यांसाठी साधारण क्रम असा ठेवावा. तब्येत आणि वय पाहून वेळ वाढवावा, कमी करू नये.

पहिला महिना : नवे बूट विकत घेऊ नका. घरात स्वच्छ फरशीवर रोज २० ते ३० मिनिटे अनवाणी वावरा. बोटांनी जमिनीवरचा रुमाल गोळा करणे, फक्त अंगठा उचलून बाकीची बोटे टेकवून ठेवणे, भिंतीला हात लावून दोन्ही टाचा १० ते १५ वेळा सावकाश वर-खाली करणे, असे सोपे व्यायाम करा. हे सर्व बिनखर्चाचे आहे.

दुसरा महिना : बागेत किंवा मैदानावर पातळ तळाच्या बुटांत १० मिनिटे चाला, एक दिवस आड. उरलेला वेळ जुनेच बूट. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवा.

तिसरा व चौथा महिना : बाजारहाट, कार्यालय, शाळा अशा रोजच्या कामांत काही तास वापरा. पावले लहान टाका, टाच आपटू नका. आधीचे बूट फार उंच टाचेचे असतील तर मध्ये कमी टाचेचे बूट वापरणे बरे.

पाचव्या महिन्यानंतर : धावायचेच असेल तर आता सुरुवात करा. फिरण्याच्या मध्ये एक-एक मिनिट, आठवड्यातून दोनदा. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. अंतर वाढवले तर वेग वाढवू नये.

दुखण्याची भाषाही ओळखता आली पाहिजे. दोन्ही पोटऱ्यांत सारखी, दोन दिवसांत जाणारी ठणक ही श्रमाची आहे. तेव्हा एक दिवस विश्रांती घ्या. पण एकाच जागी बोटाने दाबल्यावर दुखणे, चवड्यावर सूज, सकाळचे पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ, रात्री विश्रांतीतही ठणका, यांपैकी काही असेल तर ताबडतोब जुन्या बुटांवर परत या आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

यांनी स्वतःहून प्रयोग करू नये : मधुमेह असून पायांत बधिरपणा असलेले, पायांचा रक्तपुरवठा कमी असलेले, हाडे ठिसूळ झालेले, संधिवाताने पाय वाकडे झालेले व ज्यांना डॉक्टरांनी खास बूट दिले आहेत ते. बधिर पायाला खडा टोचल्याचे कळत नाही आणि लहानशी जखम चिघळून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. घरातील आजी-आजोबांना उत्साहाने असे बूट भेट देण्याआधी हे आठवावे.

एक धावपटू, दोन शर्यती

इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकला. त्याचे उदाहरण सारे देतात. पण तोच बिकिला १९६४ मध्ये टोकियोला बूट घालून धावला आणि अधिक वेगाने, २ तास १२ मिनिटांच्या आसपास, पुन्हा जिंकला. त्याला बुटांनी जिंकवले नाही की अनवाणीपणानेही नाही. त्याच्यामागे वर्षांचा सराव होता. आपल्या लंगडी आणि मल्लखांबातही अनवाणी पायांची हीच मेहनत दडलेली आहे.

मुलांचे बूट

लहान मुलांची हाडे अजून तयार होत असतात, म्हणून त्यांच्याबाबत सर्वांत मोठा प्रश्न पातळ-जाड तळाचा नसून मापाचा आहे. 'एक वर्ष तरी चालले पाहिजेत' असे म्हणून आपण बूट घेतो आणि मूल आठ महिन्यांतच त्यात कोंबलेले असते. मुले सहसा तक्रार करत नाहीत, बोटे वाकवून गप्प चालतात. मोठ्या भावाचे बूट धाकट्याला देताना हेही पाहावे की जुना तळ एका बाजूने झिजलेला नाही.

यासाठी महागडे बूट लागत नाहीत. शाळेचे साधे पांढरे कॅनव्हासचे बूट सपाट, हलके आणि दुमडणारे असतात. फक्त पुढे रुंद आहेत ना, हे पाहून घ्यावे. आठ-दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे पाय लवचिक असल्याने ती लवकर रुळतात. मोठ्या वर्गातील खेळाडूंनी मात्र वरच्या पायऱ्याच पाळाव्यात, विशेषतः स्पर्धेच्या महिन्यात बदल करू नये.

शाळेच्या वतीने दोन गोष्टी पालक-सभेपुढे ठेवत आहे. पहिली, पहिली ते पाचवीच्या मुलांना काळ्या चामडी बुटांऐवजी आठवडाभर कॅनव्हासचे बूट घालण्याची मुभा असावी. त्यामुळे दोन जोडांचा खर्चही एका जोडावर येईल. दुसरी, हिवाळ्यात आठवड्यातून एक कवायतीचा तास, मैदान झाडून व तपासून घेतल्यावर, अनवाणी व्हावा. ज्या पालकांची हरकत असेल त्यांच्या पाल्यावर सक्ती राहणार नाही. आपले मत डायरीत लिहून वर्गशिक्षकांकडे पाठवावे.

घरी करून पहा

१. कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची रेघ आखा. त्यावर आपला बूट ठेवा. रेघ बुटाच्या बाहेर कोठे येते? अंगठ्यापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा आहे का? (संध्याकाळी मोजा, दिवसभराने पाऊल किंचित मोठे होते.)

२. ओल्या पायाने फरशीवर उभे रहा. ठशात कमानीची जागा रिकामी दिसते का? घरातील सर्वांचे ठसे पाहून तुलना करा.

३. बूट हातात घेऊन दुमडा. तो चवड्याजवळ वाकतो की मधोमध?

४. डोळे उघडे ठेवून एका पायावर ३० सेकंद उभे रहा. आधी बूट घालून, मग अनवाणी. तळव्यात काय फरक जाणवला ते पाच वाक्यांत, मराठीत, लिहून आणा. चांगली उत्तरे पुढील अंकात छापू.

— मुख्याध्यापक