विषयाची निवड

इव्हान पाव्हलॉव्ह हा रशियातील र्‍याझान गावच्या एका धर्मोपदेशकाचा मुलगा. मुलानेही तीच वृत्ती धरावी, म्हणून त्याला धर्मविद्यालयात घातले होते. तेथे सेचेनॉव्ह या शास्त्रज्ञाचे मेंदूविषयीचे लेखन त्याच्या वाचनात आले आणि त्याचा ओढा पालटला. तो अभ्यासक्रम अपुरा टाकून १८७० साली तो सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात निसर्गविज्ञान शिकू लागला. पुढे कुत्र्यांच्या पचनक्रियेचा अभ्यास करीत असता त्याला एक नवल दिसले. अन्न पुढे येण्याआधीच, केवळ ते आणणाऱ्याची चाहूल लागताच, कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटे! पचनावरील संशोधनासाठी १९०४ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. तरी उरलेले आयुष्य त्याने या नवलाचा उलगडा करण्यातच वेचले. तो स्वतःस शरीरक्रियाशास्त्रज्ञच म्हणवीत असे. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मात्र आजही प्रारंभीच्या पाठांत त्याची कुत्री भेटतात.