विधी कोणत्या भाषेत?

साधकहो, धर्माचा एखादा प्रश्न न्यायालयात गेला की आपण ऐकण्याआधीच बाजू घेतो. अशा वेळी तंजावर आठवावे.

राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराचा कुंभाभिषेक ५ फेब्रुवारी २०२० रोजी झाला. त्याआधी वाद पेटला. विधी तमिळमध्येच व्हावेत, अशी एक मागणी. संस्कृत परंपरा मोडू नये, असा दुसरा आग्रह. एकीकडे मायबोलीत देवाला हाक मारण्याची ओढ, दुसरीकडे पूर्वजांनी जपलेली रीत. दोन्हींच्या मुळाशी भक्तीच. ३१ जानेवारीला मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने दोन्ही भाषांत विधी करण्याची शासनाची भूमिका मान्य केली आणि सोहळा तसाच पार पडला.

याच मंदिरात चोळकालीन तमिळ शिलालेख आहेत, आणि दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहासही. मंदिराने दोन्हींना जागा दिली.

चारचौघांत आपली श्रद्धा जरूर मांडावी. मात्र समोरच्याची श्रद्धाही तितकीच खरी आहे, हे धरून मांडावी.

मनन : ज्याच्याशी माझा मतभेद आहे, त्याचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत मला सांगता येईल का?