पऱ्हाटीच्या फुलाचं शुभेच्छापत्र : भेंडीचा शिक्का, जलरंग आणि मजुरीचा हिशेब



“मला चित्र काढता येत नाही,” असं म्हणून बऱ्याच जणी हस्तकलेच्या प्रशिक्षणात मागे बसतात. या पाठात चित्र काढायचंच नाही, शिक्का मारायचा आहे.

पऱ्हाटीचं फूल आपण निंदताना रोज पाहतो. पाकळ्या पाच. पहिल्या दिवशी फिकट पिवळं, दुसऱ्या दिवशी गुलाबी. भेंडी आणि कपाशी एकाच कुळातल्या. पाच कोनांची भेंडी आडवी कापून बघा, पाच पाकळ्यांचं फूल तयारच असतं!

साहित्य

जाड चित्रकलेचा कागद (ए-फोर), ट्यूबमधले जलरंग, एक जाड व एक बारीक ब्रश, स्पंजचा तुकडा, निबर भेंडी, बटाटा, खडेमीठ, पट्टी, रिकामा बॉलपेन, सुती फडकं, पाकिटं.

कृती

१. ए-फोर कागदाचे मधोमध दोन तुकडे करा. एका कागदात दोन कार्डं होतात. घडीच्या जागी पट्टी लावून रिकाम्या बॉलपेनने रेघ दाबा, मग घडी घाला. नाहीतर जाड कागद घडीवर फाटतो.

२. भेंडी आडवी कापून दहा मिनिटं फडक्यावर पालथी ठेवा. चिकटपणा गेला नाही तर शिक्का फासटतो. अर्ध्या बटाट्यावर पऱ्हाटीच्या पानाचा आकार काढा आणि बाजूचा भाग पाव इंच खोल कापून टाका. बटाटाही कोरडा करा.

३. कार्डाच्या कडांना जाड ब्रशने नुसतं पाणी लावा. त्या ओल्या भागावर निळा किंवा हिरवा रंग टेकवा, तो आपोआप पसरतो. मधला भाग मात्र पांढरा आणि कोरडा ठेवा. ओल्या रंगावर चार-पाच खडे मीठ टाका. पूर्ण वाळल्यावर मीठ झटका, तिथे चांदण्यांसारखे ठिपके उमटतात.

४. शिक्क्यासाठी रंग घट्ट हवा. स्पंजवर पिवळा रंग पसरा, भेंडी त्यावर टेकवा आणि कार्डाच्या मधल्या पांढऱ्या भागावर सरळ दाबून सरळ उचला. हलवू नका. आधी रद्दी कागदावर दोन शिक्के मारून बघा.

५. शिक्का वाळला की मधल्या पाच खणांत बारीक ब्रशने अगदी पातळ पिवळा रंग भरा. एका फुलात तो ओला असतानाच गुलाबी थेंब टेकवा. हे झालं दुसऱ्या दिवसाचं फूल.

६. बटाट्याने हिरवी पानं उमटवा, ब्रशने देठ काढा. वाळल्यावर कार्ड रात्रभर जड वह्यांखाली ठेवा, म्हणजे वाकणार नाही.

भाजीचा शिक्का दुसऱ्या दिवशी सुकतो. मोठी ऑर्डर असेल तर खोडरबरावर शिक्का कोरा. अक्षरं कोरायची असतील तर उलटी कोरावी लागतात.

आता खरा मुद्दा : किंमत

खालचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या बाजारातले भाव घालून हाच हिशेब गटात करा.

एका बसणीत १२ कार्डं केली, त्यातली २ बिघडली. विकायला राहिली १०.

कागद ६ × १२ रु. = ७२ रु.
पाकिटं १० × २ रु. = २० रु.
रंग, प्लास्टिक पिशव्या = २८ रु.
एकूण साहित्य = १२० रु.
मजुरी ३ तास × ६० रु. = १८० रु.
एकूण खर्च = ३०० रु., म्हणजे एका कार्डाला ३० रु.

समजा, कुणी म्हणालं, “१५ रुपयांत दे, रंगच तर लावलाय.” तुम्ही दिलं. हाती आले १५० रुपये, साहित्याचे १२० गेले, उरले ३०. म्हणजे तीन तासांची मजुरी तासाला १० रुपये! निंदणीला या दराने तुम्ही गेल्या असत्या का? घरात बसून केलेलं काम हेही कामच आहे. वहीत मजुरीची ओळ आधी लिहा. गटाचा वाटा धरून ३५ रुपयांखाली उतरू नका.

विक्रीचा हंगाम

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जयंती, मग संक्रांत आणि रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. वाणात द्यायला कार्ड हलकं, टिकाऊ आणि वेगळं. पण जानेवारीत विकायचं तर डिसेंबरातच माल तयार हवा. वेचणीचे दिवस असतात, म्हणून कामं वाटून घ्या : एकीने घड्या, एकीने कडांचे रंग, एकीने शिक्के, सुंदर अक्षर असणारीने मजकूर आणि एकीने तपासणी. डाग पडलेलं कार्ड विक्रीत घालू नका, ते नमुना म्हणून ठेवा.

पुढच्या बैठकीसाठी

- प्रत्येकीने एक कार्ड करून आणावं आणि त्याला किती वेळ लागला तो लिहून आणावा.
- आपल्या गावात मोठ्या कागदाचा आणि पाकिटांचा भाव काय? ठोक घेतले तर किती वाचतात?
- आपल्या गटाची तासाची मजुरी किती धरायची? ठराव वहीत घ्या आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.