एक पिन जळाली, बिघडलं कुठे?

आमच्या लेकाच्या टेबलावर एटीएम कार्डाएवढा एक हिरवा बोर्ड आहे. त्याच्या कडेला चाळीस पिनांची दुहेरी रांग आहे आणि त्यातल्या एकीवर व्हाइटनरचा ठिपका. "आई, ही पिन गेलीय. हिला वायर लावू नकोस," असं त्याने मला बजावून ठेवलंय.

हा बोर्ड म्हणजे रास्पबेरी पाय, अख्खा कॉम्प्युटर. जुन्या टीव्हीला जोडायचा, कीबोर्ड-माउस लावायचा, मोबाइलमध्ये घालतो तसलं मेमरी कार्ड घालायचं की झालं. घेतला तेव्हा घरात एकच प्रश्न होता : आधीच मोबाइल हातातून सुटत नाही, त्यात हे आणखी कशाला? तुमच्याही मनात हेच आलं असेल, म्हणून सांगते.

आपल्या लहानपणी बंद पडलेला ट्रान्झिस्टर उघडायला मिळायचा. आतली तार, सेल, स्पीकरचं चुंबक दिसायचं. आजचा मोबाइल डिंकाने बंद केलेला असतो आणि त्याला हात लावायची आपणही परवानगी देत नाही. मुलं यंत्र वापरतात, पण ते आपलं ऐकतं कसं, हे त्यांना कळत नाही.

हीच चुटपुट केंब्रिज विद्यापीठात शिकवणाऱ्या एबेन अप्टन यांना लागली होती. कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मागणारी मुलं कमी होत होती आणि येणाऱ्यांना प्रोग्रॅमिंगचा प्रत्यक्ष अनुभव नसायचा. ते स्वतः वाढले बीबीसी मायक्रो या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर. तो सुरू केला की पडद्यावर गेम नाही, तुमच्या आज्ञेची वाट बघणारी ओळ यायची. मोडला तरी घर कोसळणार नाही अशा किमतीचा कॉम्प्युटर मुलांना द्यावा, या विचारातून २९ फेब्रुवारी २०१२ला रास्पबेरी पाय बाजारात आला. किंमत ३५ डॉलर. पहिली खेप दहा हजारांची होती, आणि त्याच दिवशी मागणी इतकी आली की विक्रेत्यांच्या वेबसाइट कोलमडल्या. आजवर असे सहा कोटींहून जास्त बोर्ड विकले गेलेत. मुलांसाठी काढलेली वस्तू कारखान्यांनीही उचलली : कुठे मशीनवर लक्ष ठेवायला, कुठे दुकानातली पडद्यावरची पाटी चालवायला. २०१५च्या डिसेंबरात असे दोन बोर्ड आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेले आणि ब्रिटनच्या शाळकरी मुलांनी लिहिलेले प्रोग्रॅम तिथे चालले.

आमचं अवकाश गच्चीपुरतं. सकाळी पाणी आलं की मोटर लावायची, डब्यांच्या गडबडीत विसरायची आणि टाकी वाहून पाणी जिन्यात. लेकाने ठरवलं, टाकी भरत आली की शिट्टी वाजली पाहिजे. झाकणाच्या आतून एक सेन्सर बसवला. तो आपल्याला ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो आणि पाण्यावर आपटून तो किती वेळात परत येतो हे सांगतो. त्यावरून अंतर काढायचं.

पहिल्या दिवशी पिन जळाली. सेन्सर उत्तर द्यायचा ५ व्होल्टमध्ये आणि बोर्डाच्या पिनांना सोसतात फक्त ३.३. मध्ये दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवायचं राहून गेलं होतं. तोंड एवढंसं करून बसला. मी ओरडणार होते, पण जिभेवर आलेलं गिळलं. एकोणचाळीस पिना शिल्लक होत्या.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर आलं, टाकी आठ फूट खोल. आमची टाकी चार फुटांची! तासभर वायरी तपासल्या. मग स्वतःच पळत जाऊन नववीचं विज्ञानाचं पुस्तक घेऊन आला. प्रतिध्वनी! आवाज खाली जातो आणि वरही येतो, म्हणजे दोनाने भागायला हवं. चाचणी परीक्षेत त्याने हेच गणित चुकवलं होतं. आता जन्मात चुकायचा नाही.

पालकहो, घ्यायचा असेल तर दोन-तीन गोष्टी सांगते. मोठा बोर्ड काही हजारांना पडतो. तेवढे घालायचे नसतील आणि घरात एखादा कॉम्प्युटर असेल, तर पिको हे त्याचं धाकटं भावंड काही शे रुपयांत मिळतं. मुलांच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे असे प्रयोग करायची खोली असेल, तर सहावीपासूनच्या मुलांसाठी ती आहेच; तिथलं कपाट उघडतं का, हे पालकसभेत जरूर विचारा. चार्जर चांगला घ्या. चालू बोर्डाची वायर ओढू देऊ नका, मेमरी कार्ड खराब होतं. आणि घरच्या २३० व्होल्टला मुलांनी हात लावायचा नाही. आमच्याकडे शिट्टी बोर्ड वाजवतो, मोटर मीच बंद करते.

आणि हो, लगेच क्लास लावू नका. "याचे मार्क किती?" असंही विचारू नका. शेजारी स्टूल ओढून बसा आणि समजलं नाही तर सांगा, मला नाही समजलं. मुलं फार छान समजावतात.

परवा खालच्या मजल्यावरची सातवीतली छोकरी आली. त्यांचीही टाकी वाहते. लेकाने बोर्ड तिच्या हातात दिला, ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "आधी हिची गोष्ट ऐक, मग वायर लाव."